पावसाळ्यात गाय धुऊ नका, कोरडी ठेवा

धार काढण्याआधी गायीवर पाइपने पाणी मारायची सवय आपल्याकडे घट्ट बसली आहे. उन्हाळ्यात ती खपून जाते, पावसाळ्यात नाही. अंगावरचं पाणी शेण-माती घेऊन कासेवरून ओघळतं, सडाच्या टोकाशी थांबतं आणि तिथून थेट बादलीत. गाळणीत शेणाचा कण अडकतो खरा, पण त्यातले जिवाणू तोवर दुधात उतरलेले असतात. पुढे बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध गार ठेवायच्या टाकीत, ४ अंशांवर त्यांची वाढ मंदावते, ते मरत नाहीत.

म्हणून या दिवसांत अंगावरचं वाळलेलं शेण खरार्‍याने काढा. धुवायचे ते फक्त सड: कोमट पाण्यात फिकट गुलाबी रंग येईल इतकंच पोटॅशियम परमँगनेट टाकून. मग पुसून कोरडे करा, ही पायरी चुकवू नका. प्रत्येक गायीला वेगळं फडकं हवं. एकाच फडक्याने दहा गायी पुसल्या की एकीचा कासदाह (जिवाणूंमुळे येणारी कासेची सूज) बाकीच्यांपर्यंत आपणच पोचवतो. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून गुठळ्या दिसतात का बघा.

सगळ्यात दुर्लक्षित वेळ धारेनंतरची. सडाचं तोंड पुढे अर्धा ते एक तास नीट मिटलेलं नसतं. तेवढ्यात गाय ओल्या शेणात बसली, तर जिवाणूंना वाट मोकळी. धार झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच गव्हाणीत वैरण टाका. खाण्याच्या नादात ती उभी राहते. इतका साधा आणि बिनखर्चाचा उपाय दुसरा नाही.

मुक्त गोठ्यात चिखल होतोच. बसायच्या जागी मुरमाचा उंचवटा करा, शेण दिवसातून दोनदा उचला. शेपटीचा गोंडा आणि कासेवरचे लांब केस कापा. मागचे पाय आणि कास शेणाने माखलेली दिसली, तर आधी गायीची बसायची जागा तपासा.

दूध संकलन केंद्रावर दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मिळतो, मळक्या दुधाचा फॅट काही कमी लागत नाही. त्यामुळे नुकसान लगेच जाणवत नाही. पण छुपा, म्हणजे बाहेरून न दिसणारा, कासदाह झाला की दूध आटतं, त्यातलं लॅक्टोज (दुधातली साखर) आणि केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) घटतं, एसएनएफ खाली येतो. कास वरून ठणठणीत दिसते, म्हणून महिन्यातून एकदा चारही सडांचं दूध चार कप्प्यांच्या ताटलीत वेगवेगळं घेऊन सीएमटीच्या (कासदाह ओळखायची चाचणी) द्रावणाने तपासा. ज्या कप्प्यात ते घट्ट होईल, त्या सडाचं दूध वेगळं काढा आणि डॉक्टरांना दाखवा.