सहकाऱ्यांसोबत सेवा करायला निघालात? या चुका टाळा

इंदूरच्या आमच्या ऑफिसातली नऊ माणसं गेली चार वर्षं दर रविवारी सकाळी पोळी-भाजी करतात आणि एका सरकारी रुग्णालयाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना नेऊन देतात. धार, झाबुआ, बडवानीहून पेशंट घेऊन आलेली ही माणसं. पेशंटला आत जेवण मिळतं, सोबत आलेल्याचं कोण बघणार? आज या नऊजणांतले पाच आमच्या ऑफिसात नाहीत, तरी शनिवारी रात्री भाजी कुठली करायची यावर तेही हिरिरीने बोलतात. इथवर येताना आम्ही काय काय चुकलो, ते सांगते.

सुरुवातच चुकली. ‘टीम घट्ट व्हावी’ म्हणून आम्ही सेवा काढली. बॅनर, एकसारखे टी-शर्ट, पाकीट हातात देतानाचे फोटो. तिसऱ्या रविवारी निम्मी माणसं गळाली. जिव्हाळा वाढवायचा म्हणून सेवा केली की समोरचा भुकेला माणूस नुसता निमित्तापुरता उरतो, आणि ते त्यालाही कळतं. बॅनर घरी ठेवा. काम असं धरा की ते एकट्याने उरकणार नाही, आणि आपण गेलो नाही तर कोणाचं तरी खरोखर अडेल. दोनशे पोळ्यांना सहा किलो कणीक लागते. एकाने मळायची, तिघांनी लाटायच्या, दोघांनी भाजायच्या. लाटणारा रेंगाळला की तवा नुसता तापत राहतो आणि भाजणारा ओरडतो, मग लाटणारा साहेब का असेना.

तिथेही हुद्दे आडवे येतातच. महिनाभर आमच्याकडे वरिष्ठ वाटायला पुढे आणि शिपाईकाका पातेली उचलायला मागे, असंच चाललं होतं. मग कामांच्या चिठ्ठ्या टाकायला लागलो. एका रविवारी करपलेली कढई मॅनेजर बाई आणि अकाउंट्समधला एक मुलगा यांच्या वाट्याला आली. पगारवाढीवरून दोघांत बोलणं जवळजवळ बंद होतं. बाई तारेच्या घासणीने जोर लावत होत्या. तो थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “मॅडम, थांबा. पाणी आणि खायचा सोडा घालून आधी उकळू द्या.” पाच मिनिटांत काळा थर सुटून वर आला. “हे कुठे शिकलास रे?” “आई मेसचे डबे करायची. कढया माझ्याकडे असायच्या.” तीन वर्षं एका खोलीत बसून बाईंना हे ठाऊक नव्हतं. पगारवाढीची तक्रार त्या दिवशी मिटली नाही, पण सोमवारी दोघं बोलायला बसले.

गरज काय, हे आपणच ठरवणं ही आणखी एक चूक. आम्ही पोळ्यांत गुंतलो होतो आणि एक आजी हातातला कागद पुढे करून विचारत होती, हे कुठल्या खिडकीवर दाखवायचं? तेव्हापासून दोघं जण फक्त कागद वाचून द्यायला आणि रांगेपर्यंत सोबत जायला असतात. या जोडीत एक जुना, एक नवा ठेवतो. रांगेत तासभर उभं राहिल्यावर नवा नवा राहत नाही.

सगळ्यात मोठी चूक माझी. एक सहकारी सतत गैरहजर असायचा. मी ग्रुपवर लिहिलं, “काहींना रविवारची झोप जास्त प्यारी दिसते.” दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याने हळूच सांगितलं, त्याचे वडील अशाच एका वॉर्डात गेले, ते गेट त्याला बघवत नाही. टोमणा सगळ्यांसमोर मारला होता, माफीही त्याच ग्रुपवर मागितली. आता तो शनिवारी संध्याकाळी मंडईतून भाजी आणून देतो आणि गेटकडे कधीच येत नाही. म्हणून सांगते, न येणाऱ्याला आधी एकटं गाठून विचारा, आणि गेटपासून लांबची कामंही हाताशी ठेवा.

पैशांचं थोडक्यात: खर्च एकाने करावा, वही दुसऱ्याने लिहावी, आणि ती पोहे खाताना सगळ्यांसमोर उघडावी. हो, पोहे हवेतच. काम संपताच पांगलात तर ओळख तिथेच थांबते.

आणि कोणी नोकरी सोडली म्हणून त्याला ग्रुपमधून काढू नका. आपल्या गावात हे वेगळं सांगायला नको. इथली हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी तिथल्या मजुरांनी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतली झांकी, म्हणजे चित्ररथ, सोडली नाही. मिलचा भोंगा थांबला, वर्गणी आणि जागरणं चालू राहिली. आमच्यातला एक जण पुण्याला गेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला, तो रविवारी सकाळी सहाला दारात हजर. आत येत म्हणाला, “माझं लाटणं कोणी घेतलं?”