थांबलेली गाडी पुन्हा सुरूच होईना? या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. अक्कलकोटहून सोलापूरला येताना वळसंगजवळ रस प्यायला थांबलो. गाडी पेट्रोलची, तोवर सुरळीत पळालेली. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) खणखणीत फिरतोय, पण इंजिन काही पकडेना. सहा-सात वेळा सेल्फ मारला. रसवंतीवरच्या चौघांनी धक्का दिला, तरी नाही. शेवटी लिंबाखाली बसून राहिलो आणि अर्ध्या तासाने गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. गावात आल्यावर एका गॅरेजमध्ये "बॅटरी गेलीय मालक" असं ऐकून नवी बॅटरी बसवली. आठवड्याने होटगी रोडवर पुन्हा तेच.

बॅटरीचा दोष नव्हताच, आणि हे मला त्या रसवंतीसमोरच कळायला हवं होतं. बॅटरी उतरली असती तर सेल्फ एवढ्या जोमाने फिरलाच नसता.

पहिली चूक: न ऐकताच पुन्हा पुन्हा सेल्फ मारणं

गाडी अडली की आपला हात आपोआप चावीकडे जातो. तो आवरा. एसी, पंखा, टेप बंद करा, काच खाली करा आणि एकदाच चावी फिरवून नीट ऐका.

नुसतं कट-कट-कट वाजतंय, डॅशबोर्डचे दिवे मंदावताहेत? बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच 'टक्' आवाज येतो आणि दिवे मात्र लख्ख राहतात? मग संशय सेल्फवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवर) घ्या. काहीच आवाज नाही? ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे का, बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबलाय का, हे आधी बघा. रिमोटचा सेल संपला असेल तर बऱ्याच गाड्यांत रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून काम होतं.

आणि सेल्फ छान फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही बाजूला ठेवा. प्रश्न पेट्रोलचा आहे, स्पार्कचा आहे, नाहीतर इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी टाळायला चावी ओळखणाऱ्या यंत्रणेचा. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला तर दुसरी चावी लावून बघा. मग चावी नुसती 'ऑन' करा. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं ऐकू यायला हवं, तो टाकीतला पंप. आवाजच नसेल तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले (पंपाला करंट देणारा स्विच) तपासा.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये किमान अर्धा मिनिट जाऊ द्या. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअरच्या पुढे करंट ओढतो. सलग मारत राहिलात की चांगली बॅटरीही उतरते, आणि मग मूळ दोष कुठला आणि आपण केलेला कुठला, हे मेकॅनिकलाही सांगता येत नाही.

दुसरी चूक: गरम गाडीतला दोष थंड गाडीत शोधणं

आमच्या गाडीचं दुखणं हेच होतं, आणि सोलापूरच्या उन्हात ते नीट समजून घेण्यासारखं आहे. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो, आणि बोनेटखालची उष्णता काही मिनिटं उतरण्याऐवजी वाढते. बाहेर ४२-४३ अंश असताना तर विचारूच नका. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा भाग) जुना झाला असेल तर त्याच्या आतली बारीक तार अशा तापात सुटते. इंजिन फिरतंय हा संदेश मिळाला नाही की कॉम्प्युटर ना स्पार्क देतो ना पेट्रोल. थंड झालं की तार पुन्हा चिकटते आणि गाडी शहाण्यासारखी सुरू होते. म्हणूनच ती गॅरेजच्या दारात नेहमी धडधाकट असते.

सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत तो किंचित उचलतो. शून्याला चिकटून राहिला तर या सेन्सरचं नाव आधी घ्या. मेकॅनिकला "कधी कधी सुरू होत नाही" एवढंच सांगू नका. गाडी किती चालली होती, किती वेळ उभी होती, किती वेळाने सुरू झाली, हे सगळं सांगा. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावल्याशिवाय सुटा भाग बदलू देऊ नका. आमचा दोष स्कॅनरवर पाच मिनिटांत सापडला, तोवर बॅटरीचे पैसे गेले होते.

बॅटरीच असेल तर

आपल्याकडे बॅटरी थंडीपेक्षा उन्हानेच लवकर मरते. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसलं नाही, तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा भाग) तपासा, नाहीतर नवी बॅटरीही चार दिवसांत झोपेल. चालू गाडीची बॅटरीची वायर काढून "अल्टरनेटर बघतो" म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. त्या झटक्याने कॉम्प्युटर जळू शकतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर वायरी काढून (आधी निगेटिव्ह) कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसा, कोरडं करा आणि मग घट्ट बसवा. जंपर लावताना लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको.

धक्क्याने सुरू होते ती फक्त मॅन्युअल गाडी, तीही बॅटरी किंवा सेल्फचा दोष असला तरच. सेल्फ नीट फिरत असूनही गाडी पकडत नसेल, तर धक्का मारल्याने न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊ शकतं, आणि तो महाग भाग आहे.

सीएनजीवाल्यांनी पेट्रोलचा काटा आधी बघावा. बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. टाकी कोरडी ठेवली की पंपही तापतो, कारण त्याला थंड ठेवणारं पेट्रोलच असतं.

टेंपरेचरचा काटा लालवर असेल तर मात्र सेल्फला हातच लावू नका, रेडिएटरचं झाकणही उघडू नका. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. पुणे-हैदराबाद हायवेवर असाल तर गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर एकदम लुकलुकणारे हॅझर्ड दिवे लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा, माणसं रेलिंगपलीकडे उभी करा आणि राष्ट्रीय महामार्गांच्या मदतीचा १०३३ हा नंबर लावा.