जुन्या एमजीबीची वायर व्हील्स: टायर घेण्याआधी हब बघा

एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६२ ते १९८०) वायर व्हील्सची, म्हणजे तारेच्या स्पोकच्या चाकांची असेल, तर नवे टायर घेण्याआधी चाकं उतरवून हबचे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचे दाते बघा. दात्यांची टोकं धारदार झाली असतील, तर चाक आणि हब दोन्ही बदला. झिजलेल्या हबवर नवं चाक चढवलं की तेही लवकर झिजतं, आणि दाते पार गेले की ब्रेक मारूनही चाक थांबत नाही. दाते चांगले असतील तर जुनं ग्रीस पुसून नव्याचा पातळ थर द्या.

मधला मोठा नट तांब्याच्या किंवा कच्च्या चामड्याच्या हातोडीने ठोका. लोखंडी हातोडीने क्रोम उडतं. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेने हा नट सुटतो. म्हणजे उजवी-डावी बाजू वेगळी, अदलाबदल अजिबात नको. चाक बसवल्यावर थोडं अंतर चालवून नट पुन्हा तपासा.

स्पोक पान्याने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज हवा. बद आवाज आला तर तो सैल आहे.

टायर १६५ आर १४ मापाचा (१६५ मिमी रुंद, रेडियल, १४ इंची रिमचा), आत ट्यूब आणि रिमपट्टी (स्पोकची टोकं ट्यूबला लागू नयेत म्हणून लावायची पट्टी) हवीच, कारण मूळच्या रिममध्ये स्पोकच्या भोकांतून हवा जाते. रुंद टायरचा मोह टाळा, स्टिअरिंग जड होतं. नक्षी शाबूत दिसली तरी टायरच्या बाजूचा चार आकडी शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. दहा वर्षं उलटलेला टायर माझ्या मते वापरूच नये.