अलंकार ओळखायचे कसे?

अलंकारांच्या व्याख्या पाठ करण्याआधी एक साधी कसोटी लावावी: ओळीतील शब्द बदलून त्याजागी समानार्थी शब्द ठेवावा. ‘कोवळी किरणे कौलांवर कलली’ या ओळीत ‘किरणे’ऐवजी ‘उन्हे’ आणि ‘कलली’ऐवजी ‘झुकली’ घातले, की अर्थ जवळजवळ तोच राहतो, पण ‘क’च्या आवृत्तीने आलेला नाद विरतो, म्हणून हा अनुप्रास, म्हणजेच शब्दालंकार. यमक (ओळींच्या शेवटी जुळणारे ध्वनी) आणि श्लेष (एकाच शब्दातून निघणारे दोन अर्थ) हेही याच कसोटीने सापडतात. शब्द बदलूनही सौंदर्य टिकले, तर तो अर्थालंकार समजावा.

खरा गोंधळ होतो तो अर्थालंकारांत. तेथे प्रथम उपमेय, म्हणजे ज्याचे वर्णन चालले आहे ते, आणि उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली आहे ते, वेगळे काढावे आणि मग त्या दोहोंचे नाते तपासावे. राग हे उपमेय आणि वणवा हे उपमान घेऊ. ‘त्याचा राग वणव्यासारखा पसरला’ ही उपमा; येथे दोहोंतले साम्य दाखवले आहे. ‘त्याचा राग जणू वणवाच’ ही उत्प्रेक्षा; येथे उपमेय हे जणू उपमानच अशी कल्पना केली आहे. ‘त्याच्या रागाच्या वणव्यात घर होरपळले’ हे रूपक; येथे दोन्ही एकरूप मानले आहेत. ‘हा राग नव्हे, वणवा आहे’ ही अपन्हुती; येथे उपमेय नाकारून उपमानच खरे म्हटले आहे. आणि ‘त्याच्या रागापुढे वणवाही थंड’ हा व्यतिरेक; येथे उपमेय उपमानापेक्षा वरचढ ठरवले आहे.

‘सारखा’, ‘जणू’ हे शब्द खुणेचे खरे, परंतु केवळ त्यांच्यावर विसंबणे, परीक्षेत सोयीचे असले तरी, धोक्याचे आहे: ‘मुलगा वडिलांसारखा दिसतो’ हे निव्वळ विधान असून त्यात उपमा नाही.