केफ्री नव्हे, पुट_डिव्हाइस

लिनक्स ड्रायव्हरमध्ये डिव्हाइस_रजिस्टर (कर्नलकडे डिव्हाइसची नोंद करणारं फंक्शन) फसलं की मी सरळ केफ्री करायचो, म्हणजे डिव्हाइसच्या स्ट्रक्चरची मेमरी सोडून द्यायचो. आपणच केमॅलॉकने घेतलेली मेमरी आपणच सोडली, यात चूक कसली? पण केमेमलीक, म्हणजे कर्नलमधली मेमरीची गळती शोधणारं साधन, दर वेळी 16 बाइट्सचा एक न सुटलेला तुकडा दाखवायचं. त्याचा हेक्स डंप (मेमरीतल्या बाइट्सची छापील यादी) पाहिला तर आत चक्क माझ्याच डिव्हाइसचं नाव! डेव्ह_सेट_नेम नावासाठी वेगळी मेमरी घेतं आणि ती सुटते डिव्हाइसचा रेफरन्स काउंट (ते किती जण वापरताहेत याची मोजणी) शून्यावर आल्यावरच. मग एरर आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये ही मोजणी एकाने कमी करणारं पुट_डिव्हाइस टाकलं, स्ट्रक्चरचं केफ्री रिलीज कॉलबॅकमध्ये (मोजणी शून्य झाली की कर्नल बोलावतं त्या फंक्शनमध्ये) हलवलं. गळती थांबली. खरं तर ही ताकीद डिव्हाइस_रजिस्टरच्या डोक्यावरच्या कॉमेंटमध्ये होतीच, वाचतो कोण! आता माझ्या रॅपर फंक्शनवरही लिहून ठेवलंय: ‘एरर आली तरी थेट फ्री करू नका, पुट_डिव्हाइस वापरा.’