लिनक्स-लिब्र कर्नल: भाचीला फोनवर सांगितला तसा

मी चिपळूणच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. माझा 2008 सालचा थिंकपॅड एक्स200 गेली काही वर्षं लिनक्स-लिब्र या पूर्ण मुक्त कर्नलवर (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) चालतोय. पुण्याला शिकणाऱ्या भाचीनं तो दिवाळीत पाहिला आणि महिन्याभरानं फोन केला, "मामा, मलाही तोच कर्नल टाकायचाय, आत्ता सांग." दोन रात्री फोनवर गेल्या. कमांड तिला जशा बोलून सांगितल्या तशाच उच्चारानं इथे लिहितोय. टाइप अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत करायच्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. लायनस टोरवाल्ड्सचा मूळ लिनक्स कर्नल मुक्त परवान्याखाली असला, तरी त्यातले अनेक ड्रायव्हर वाय-फाय, ब्लूटूथ, ग्राफिक्सच्या चिपमध्ये कंपनीची बंद बायनरी फाइल, म्हणजे फर्मवेअर, भरतात. तिचा सोर्स कोड कुणालाच बघायला मिळत नाही. लॅटिन अमेरिकेतली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, म्हणजे एफएसएफएलए, मूळ कर्नलवर साफसफाईच्या स्क्रिप्ट चालवून हे सगळं काढते. तोच लिनक्स-लिब्र. 2012 पासून तो ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा अधिकृत भाग आहे. डेबियन या लिनक्स सिस्टीमनंही 2011 च्या स्क्वीझ आवृत्तीपासून आपल्या कर्नलमधले बंद तुकडे बाजूला काढलेत, पण त्यांचा कर्नल ड्रायव्हरला फर्मवेअर मागू देतो, आणि 2023 च्या बुकवर्मपासून इन्स्टॉलरच ते आणून देतो. लिब्र कर्नल ड्रायव्हरला बंद फर्मवेअर मागूच देत नाही. तुम्ही फाइल हातानं आणून ठेवलीत तरी नाही. मला हा हट्ट थोडा जास्त वाटतो, पण असो.

कर्नल टाकायला दहा मिनिटं लागतात. वेळ जातो आधीच्या चौकशीत, आणि नेमकी तीच लोक टाळतात. म्हणून भाचीला पहिल्या रात्री काहीच इन्स्टॉल करू दिलं नाही. चालू कर्नलवरच तिला 'सुडो डीएमईएसजी' (कर्नलची नोंदवही) चालवून त्यात 'फर्मवेअर' शब्द शोधायला लावला. ज्या ओळीत फर्मवेअर लोड झाल्याचं लिहिलंय, ते यंत्र उद्या बंद पडू शकतं असं धरायचं. तिच्याकडे आयडब्ल्यूएलवायफाय निघालं, म्हणजे इंटेलचं वाय-फाय. ते फर्मवेअरशिवाय चालत नाही, विषय संपला. आय915, म्हणजे इंटेल ग्राफिक्स, यादीत होतं. ते मात्र फर्मवेअर नसलं तरी पडद्यावर चित्र देतं, फक्त वीज वाचवण्याच्या काही युक्त्या जातात. इंटेलचं ब्लूटूथ गेलं. केबलनं जोडायचं नेटवर्क आणि वेबकॅम बहुतेक वेळा सुखरूप असतात. एएमडी रेडिऑन किंवा अलीकडचं एनव्हिडिया कार्ड असेल तर माझा सल्ला सरळ आहे: त्या मशीनवर लिब्र कर्नलच्या नादी लागू नका.

वाय-फाय जाणार हे कळल्यावर पर्याय आधी हाताशी हवा. यूएसबी डोंगल घ्यायचा तो अथेरॉस एआर9271 चिपचा, कारण त्या चिपचं फर्मवेअर 2013 मध्ये सोर्स कोडसकट खुलं झालं. डेबियनच्या मुख्य भांडारात ते 'फर्मवेअर-एटीएच9के-एचटीसी' नावानं आहे. हे पॅकेज नेट चालू असतानाच टाकून ठेवा.

या डोंगलपायी मी एकदा चांगलाच आपटलोय. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून एक लोकप्रिय मॉडेल घेतलं, खोक्यावरचं चित्र तेच, मॉडेल क्रमांक तोच. घरी येऊन 'एलएसयूएसबी' (जोडलेल्या यूएसबी यंत्रांची यादी) चालवलं तर चिप रिअलटेकची. त्या मॉडेलची पहिली आवृत्तीच तेवढी अथेरॉसची होती, पुढच्या आवृत्त्यांत कंपनीनं आतला मालच बदलला. आवृत्ती डोंगलच्या पाठीवरच्या स्टिकरवर, मुंगीएवढ्या अक्षरांत. आता मी दुकानातच लॅपटॉप उघडून एलएसयूएसबी चालवतो. शून्य-सी-एफ-तीन, कोलन, 9271 असा क्रमांक दिसला तरच पैसे देतो. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. आणखी एक: ही चिप फक्त 2.4 गिगाहर्ट्झ पकडते. फोनचा हॉटस्पॉट 5 वर असेल तर तो यादीत दिसणारच नाही, आणि तुम्ही उगाच कर्नलला शिव्या घालाल.

डोंगल येईपर्यंत फोन यूएसबी केबलनं जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा. याला लॅपटॉपच्या बाजूनं कुठलंच फर्मवेअर लागत नाही. भाचीचे पहिले चार दिवस यावरच निघाले.

दुसऱ्या रात्री प्रत्यक्ष काम. डेबियन किंवा त्याच्या वंशातल्या सिस्टीमसाठी एफएसएफएलएच्या सर्व्हरवर 'फ्रीश' नावाचं भांडार आहे. तिथून 'फ्रीश-आर्काइव्ह-कीरिंग' हे डेब पॅकेज उतरवून घ्यायचं आणि 'सुडो डीपीकेजी डॅश आय' आणि पुढे फाइलचं नाव देऊन बसवायचं. त्यात सहीची किल्लीही आहे आणि भांडाराचा पत्ताही, म्हणून सोर्सेस फाइलमध्ये हातानं काही लिहावं लागत नाही. मग 'सुडो ॲप्ट अपडेट', आणि त्यानंतर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-लिब्र-एलटीएस'. लिब्रचं स्पेलिंग एल-आय-बी-आर-ई. भाची शेवटचा ई विसरत होती आणि ॲप्ट तिला तीनदा "पॅकेज सापडलं नाही" म्हणालं.

शेवटचं एलटीएस न लावता नुसतं 'लिनक्स-लिब्र' टाकलंत तर सर्वांत ताजा कर्नल येतो, आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी मालिका निघाली की तुम्हीही तिच्यावर उडी मारता. रोजच्या कामाच्या मशीनवर एलटीएसच बरा. 6.1, 6.6, 6.12 या अशा दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या मालिका.

रीस्टार्ट केल्यावर भाचीच्या काळ्या पडद्यावर 'बॅड शिम सिग्नेचर' आलं आणि तिचा आवाज पडला. यात घाबरण्यासारखं काही नाही. फ्रीशच्या कर्नलवर सिक्युअर बूटला (ओळखीची सही नसलेला कर्नल अडवणारी सोय) चालेल अशी सही नसते, म्हणून बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करावा लागतो. त्याच मशीनवर विंडोज आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) असेल तर आधी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, नाहीतर विंडोज ती मागेल आणि तुम्ही बघत बसाल.

सुरू झाल्यावर 'यूनेम डॅश आर' देऊन चालू कर्नलचं नाव बघा. उत्तराच्या शेवटी 'ग्नू' दिसलं म्हणजे जमलं. मग परत डीएमईएसजी बघा. फर्मवेअरच्या नावाच्या जागी 'डीब्लॉब्ड' आणि शेजारी 'मिसिंग फ्री फर्मवेअर' असं काही दिसेल. ही चूक नाही, कर्नल आपलं काम करतोय. ग्नू दिसलं नाही तर बहुधा ग्रबनं, म्हणजे सुरुवातीला कर्नल निवडणाऱ्या मेनूनं, डेबियनचाच कर्नल उचललाय, कारण तो ज्याचा आवृत्ती क्रमांक मोठा त्याला पुढे घालतो. बॅकपोर्ट्समधून (नव्या पॅकेजांचं डेबियनचं वेगळं भांडार) नवा डेबियन कर्नल घेतलेला असेल तर हे हमखास होतं. ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन लिब्र निवडा.

अपडेट वेगळं काही नाही. नेहमीचं 'ॲप्ट अपडेट', 'ॲप्ट अपग्रेड', की नवा कर्नल येतो, जुना तसाच राहतो. अडचण होते ती बूट विभाजनात, म्हणजे डिस्कच्या ज्या भागात कर्नल राहतात तिथे. माझ्याकडे ते वेगळं आणि लहान होतं. तिसऱ्या अपडेटला जागा संपली, इनिटरामएफएस (सुरू होताना कर्नलला लागणारी छोटी प्रतिमा) अर्धवट तयार झालं आणि सकाळी शाळेच्या घाईत लॅपटॉप उठेना. मागच्या कर्नलवरून वाचलो. तेव्हापासून अपग्रेडच्या आधी 'डीएफ डॅश एच'नं मोकळी जागा बघतो, आणि नवा कर्नल दोन दिवस नीट चालल्यावरच 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' देतो. इनिटरामएफएसच्या कॉन्फ फाइलमध्ये 'मॉड्यूल्स'ची (हे नाव मोठ्या अक्षरांत) किंमत 'मोस्ट'ऐवजी 'डेप' केली आणि 'अपडेट-इनिटरामएफएस डॅश यू' दिलं की प्रतिमा बरीच लहान होते. मग मात्र ती डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये घातली तर सुरू होईलच असं नाही. मशीन महिनोन् महिने बंद राहून सहीच्या किल्लीची मुदत संपली असेल तर ॲप्ट कुरकुरतं. कीरिंगचं पॅकेज नव्यानं आणून बसवायचं.

एक गोष्ट भाचीला स्पष्ट सांगितली, तुम्हालाही सांगतो. प्रोसेसरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आत चालणारा कोड) हीसुद्धा बंद बायनरीच, त्यामुळे लिब्र कर्नल तोही भरत नाही. 2018 साली उघड झालेल्या स्पेक्टरसारख्या त्रुटींवरचे काही इलाज मायक्रोकोडमधून येतात. बायॉस अपडेटमधून ते मिळत असतील तर घ्यावेत की नाही, हा ज्याच्या त्याच्या तत्त्वाचा प्रश्न. 

डेबियनचा कर्नल काढून टाकायची घाई करू नका. भाचीच्या लॅपटॉपवर आज दोन्ही नांदतात. ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमध्ये 'ग्रब अंडरस्कोर डीफॉल्ट'ला 'सेव्ह्ड' आणि 'ग्रब अंडरस्कोर सेव्हडीफॉल्ट'ला 'ट्रू' (ही दोन नावं मोठ्या अक्षरांत) करून 'सुडो अपडेट-ग्रब' दिलंय, म्हणजे मागच्या वेळी निवडलेलाच कर्नल पुन्हा सुरू होतो. ऑनलाइन लेक्चरला ब्लूटूथचा हेडफोन लागला की ती डेबियनवर जाते. तारेचा हेडफोन घे म्हटलं, तर म्हणाली, "मामा, तू डोंगलचे पैसे दे, मी हेडफोनचं बघते."