ऑनलाइन ड्युएलमध्ये आधी पाळी कोणाची? या चुका टाळा

कर्वेनगरला मित्राच्या फ्लॅटवर आम्ही शनिवारी संध्याकाळी आम्हीच बनवलेला ऑनलाइन कार्डांचा खेळ तपासायला बसतो. खेळ साधाच आहे. दोघांची ड्युएल, हातात पाच कार्डं, आधी एकाची पाळी, मग दुसऱ्याची. त्या दिवशी मित्र आणि त्याची अकरावीतली बहीण समोरासमोर खेळत होते. दोघांचे डेक, म्हणजे कार्डांचे संच, मुद्दाम सारखे ठेवले होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "दादानं चॅलेंज टाकलं की दादा जिंकतो, मी टाकलं की मी." दादा म्हणाला, "झालं, रडीचा डाव सुरू." तिनं मुकाट्यानं जर्नल पुढं सरकवलं. मागच्या पानावर पेन्सिलनं दोन रकाने होते, चॅलेंज कोणाचं आणि जिंकलं कोण. अकरापैकी नऊ ओळींत दोन्हीकडे एकच नाव.

अकरा ड्युएलवरून काही सिद्ध होत नाही. पण कोड कुठं उघडायचा ते त्या पानावरून कळलं, आणि चूक तिथंच निघाली. पाळीचा खेळ बनवणाऱ्या किंवा मित्रमंडळींत स्पर्धा भरवणाऱ्या कोणाच्याही हातून ती होऊ शकते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

बरोबरी झाली की यादीतला पहिला

ड्युएल सुरू होताना सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारा मधला कॉम्प्युटर, दोन खेळाडूंची यादी करतो. चॅलेंज देणारा आधी, घेणारा नंतर. प्रत्येक फेरीत ज्याचा स्पीड जास्त त्याची पाळी आधी, म्हणून ती यादी स्पीडनुसार सॉर्ट करायची, म्हणजे क्रमानं लावायची. इथवर सगळं ठीक. पण त्या दिवशीसारखा दोघांचा स्पीड सारखा असला तर? आजच्या बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांमधलं सॉर्ट अशा वेळी मूळ क्रमाला हात लावत नाही. पायथनमध्ये हे फार पूर्वीपासून आहे, जावास्क्रिप्टमध्ये २०१९च्या मानकापासून तशी हमीच आहे. म्हणजे बरोबरी झाली की चॅलेंज देणारा कायम पुढं. हा नियम कोणी लिहिला नव्हता आणि कोणाला हवाही नव्हता, तरी तो लागू होता.

विसर्जन मिरवणुकीत कसबा गणपती पहिला, मग तांबडी जोगेश्वरी. तो क्रम परंपरेनं ठरलेला आहे आणि सगळ्या पुण्याला आधीपासून माहीत आहे. ड्युएलमध्ये असा मान कोणाचाच नसतो. चॅलेंजचं बटण आधी दाबलं, खातं आधी उघडलं, युजर आयडी लहान आहे, यांतलं काहीही बरोबरी सोडवण्यासाठी वापरू नका.

यावर घाईत केला जाणारा उपाय मूळ चुकीपेक्षा वाईट असतो. सॉर्ट करताना दोघांची जी तुलना होते तिच्यातच 'बरोबरी असेल तर रँडम' असं लिहून मोकळं व्हायचं. तुलना दर वेळी वेगळं उत्तर देऊ लागली की सॉर्टच्या पायाखालची जमीनच सरकते आणि निकाल एका बाजूला झुकू शकतो. त्यापेक्षा ड्युएल सुरू होताना सर्व्हरवर प्रत्येकाला एक रँडम आकडा द्या, तो लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, लिहून ठेवा, आणि स्पीड सारखा असेल तेव्हा त्या आकड्यावर क्रम लावा. उद्या कोणी तक्रार केली तर दाखवायला पुरावाही राहतो.

दर फेरीला नव्यानं टॉस

मग वाटतं, दर फेरीलाच टॉस करू, म्हणजे कोणावर अन्याय नको. आम्हीही तसं करून पाहिलं. अडचण अशी की पहिल्या फेरीत ज्याची पाळी शेवटी आली, त्यालाच दुसऱ्या फेरीत पहिली मिळाली तर त्याचे दोन वार सलग पडतात. दोन वारांत खेळ संपू शकत असेल तर समोरच्याला नुसतं बघत बसावं लागतं. त्यात हे सलग वार एकालाच वारंवार मिळू शकतात, कारण टॉसला मागची आठवण नसते.

त्यापेक्षा टॉस एकदाच करा आणि पुढं क्रम उलटसुलट फिरवा, क-ख, ख-क. टेनिसच्या टायब्रेकमध्ये सर्व्हिस अशीच फिरते. पहिला एकदा करतो, मग दोघं आळीपाळीनं दोन-दोनदा. सलग वार इथंही पडतात, पण ते दोघांच्या वाट्याला येतात आणि कधी येणार हे आधीच माहीत असतं. खेळाडू त्याची तयारी करू शकतो. फुटबॉलच्या पेनल्टी शूटआउटमध्येही २०१७ साली हा क्रम आजमावला होता, पुढच्याच वर्षी तो बाजूला ठेवला, आणि त्याचं एक कारण होतं त्याची गुंतागुंत. तेव्हा हा क्रम वापरणार असाल तर पुढची पाळी कोणाची हे स्क्रीनवर सतत दिसू द्या.

टॉस केला म्हणजे न्याय झाला

ही सर्वांत मोठी गल्लत. टॉसमुळे आधी खेळण्याची संधी दोघांना सारखी मिळते, हे खरं. पण आधी खेळण्यातच सगळा फायदा असेल तर तुम्ही ड्युएल खेळवत नाही, छापा-काटा खेळवता.

कागदावर करून बघा. दोघांकडे १०० एचपी (जीव मोजणारे गुण, शून्य झाले की हार), प्रत्येक वार २५चा. पहिल्याचा चौथा वार पडतो तेव्हा दुसऱ्याचे तीनच झालेले असतात. पहिला २५ एचपी राखून जिंकतो, कायमच. बरं, दुसऱ्याला भरपाई म्हणून थोडे एचपी देऊ. किती? फक्त १ दिला तरी १०१ एचपी संपवायला पाच वार लागतात, आणि दुसऱ्याचं काम चारांत होतं. आता दुसरा कायम जिंकणार! मधला आकडाच नाही. वार इतके मोठे आणि इतके ठरीव असतील तर भरपाई कितीही दिली तरी अन्याय फक्त या खांद्यावरून त्या खांद्यावर जातो.

इथून बाहेर पडायच्या वाटा दोन. पहिली, एका फेरीतले दोन्ही वार फेरी संपल्यावर एकदमच मोजायचे. दोघंही पडले तर बरोबरी. दुसरी, वार एचपीच्या मानानं लहान करायचे आणि त्यांत थोडा चढउतार ठेवायचा, ठाम २५च्या जागी ५ ते ९ असं काही. मग भरपाईचा एकेक एचपी जिंकण्याची शक्यता हळूहळू सरकवतो आणि बॅलन्स साधता येतो.

भरपाई कशात द्यायची हे खेळावर ठरतं. हर्थस्टोन या ऑनलाइन कार्डांच्या खेळात आधी खेळणाऱ्याला सुरुवातीला ३ कार्डं मिळतात, नंतरच्याला ४ आणि वर एक नाणं, जे एका टर्नपुरतं एक माना (कार्ड खेळायला लागणारी शक्ती) जास्त देतं. गो या पटावरच्या खेळात पांढऱ्या सोंगट्यांना, म्हणजे नंतर खेळणाऱ्याला, गुणच मिळतात. जपानमध्ये आधी साडेचार होते, मग साडेपाच झाले, २००२ पासून साडेसहा. इतक्या जुन्या खेळालाही आकडा पुन्हा पुन्हा तपासावा लागला, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमचा आकडा पहिल्याच झटक्यात बरोबर येणार नाही, त्यामुळे तो सर्व्हरवरून बदलता येईल असा ठेवा.

हेक्स या पटावरच्या खेळात तर आकडाच लागत नाही. पहिला एक चाल करतो, मग दुसरा ठरवतो की ती बाजू आपण घ्यायची का. घरात शेवटच्या पुरणपोळीचे वाटे एकानं करायचे आणि आधी दुसऱ्यानं उचलायचं, तसंच. सुरुवातीची चाल खरोखर जड-हलकी असू शकते अशा खेळांना हा नियम छान बसतो.

स्पर्धेची फायनल असेल तर मी सरळ खो-खोकडे बघतो. १९१४ साली पुण्यातच डेक्कन जिमखान्यावर त्याचे नियम बांधायला घेतले, आणि आजही दोन्ही संघ पाठलाग करतात, दोन्ही संघ पळतात. तशीच ड्युएल दोन डावांची करा, दुसऱ्या डावात क्रम उलटा. वेळ दुप्पट लागतो, म्हणून रोजच्या खेळात हे जमत नाही.

थोड्या ड्युएलवरून निकाल काढणं

आता ते अकरापैकी नऊ. खेळ अगदी बरोबरीचा असतानाही १०० ड्युएलमध्ये आधी खेळणारा ४० ते ६० जिंकला तर त्यात नवल नाही. १,००० ड्युएल असतील तर हा पट्टा ४७ ते ५३ टक्के होतो, १०,००० असतील तर ४९ ते ५१. म्हणजे ५७-४३ बघून लगेच आकडे बदलू नका, आणि १०० ड्युएलमध्ये ५०-५० आलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. तेच दोन मित्र रात्रभर खेळले तर त्या १०० ड्युएल म्हणजे १०० वेगळे नमुने नव्हेत, हेही ध्यानात ठेवा.

मोजताना साधारण सारख्या रँकचे खेळाडूच घ्या. चॅलेंज देणारा बहुधा स्वतःच्या डेकवर भरवसा असलेला असतो, त्यामुळे त्याचं जिंकणं पाळीच्या खात्यावर चढतं. आणि एकूण आकड्यावर थांबू नका. एक झटपट डेक आधी खेळताना ६० टक्के जिंकत असेल आणि एक संथ डेक ४० टक्के, तर सरासरी सुरेख ५० दिसते आणि खेळणारे दोघंही वैतागलेले असतात.

नेटवर्क

ज्याची चाल सर्व्हरवर आधी पोचली त्याचा वार आधी, हा नियम पाळीच्या खेळात कधीच नको. कोथरूडमध्ये घरच्या वायफायवर बसलेला आणि डेक्कन क्वीनमधून खंडाळ्याचे बोगदे पार करणारा यांची शर्यत कौशल्याची नसते. दोघांच्या चाली येऊ द्या, वेळ संपू द्या, मग ठरलेल्या क्रमानं निकाल लावा. फोनच्या घड्याळावर तर बिलकूल विसंबू नका, ते कोणीही मागंपुढं करू शकतं. आणि चाली गुप्त असतील तर दोघांच्या चाली लॉक होईपर्यंत समोरच्याची चाल फोनवर पाठवूच नका. नुसती स्क्रीनवर झाकली तर येणारा डेटा वाचू शकणाऱ्याला ती उघडीच असते.

टॉस फार लवकर दाखवणं

आमच्याकडे आधी चॅलेंज स्वीकारायच्या स्क्रीनवरच 'तुमची पाळी दुसरी' असं दिसायचं. ते वाचून बरेच जण काढता पाय घ्यायचे, आणि पहिली पाळी मिळेपर्यंत चॅलेंज टाकत राहायचे. काही जण पाळी बघून डेक बदलायचे. म्हणजे टॉस प्रामाणिक होता, पण प्रत्यक्षात खेळल्या गेलेल्या ड्युएल तशा नव्हत्या. आता दोघांनी होकार दिला, डेक लॉक झाले, की मगच टॉस होतो. त्यानंतर बाहेर पडलं तर हार धरली जाते. रिमॅचमध्ये क्रम आपोआप उलटतो.

टॉस झाला की दोघांच्या स्क्रीनवर तीन ओळी येतात. स्पीड कोणाचा किती, बरोबरी असेल तर रँडम आकडे कोणते पडले, आणि दुसऱ्याला भरपाई काय मिळाली. पुढच्या शनिवारी मित्राच्या बहिणीनं पुन्हा जर्नल आणलं होतं. यावेळी रकाने तीन होते, तिसरा रँडम आकड्याचा.